टेकाकडची भिंत

आमच्या तळघरात उतरायला सात पायऱ्या आहेत आणि चौथ्या पायरीवर वास सुरू होतो. ओल्या पोत्याचा, जुन्या वहीचा, थोडासा आंबूस. लहानपणी मला तो आवडायचा. बाहेरच्या उन्हातून खाली उतरलं की अंगावर गारवा यायचा, आणि आजी कणग्यांच्या मागे पेंढ्यात आंबे पिकत घालायची, म्हणून मे महिन्यात त्या वासात आंब्याचा वास मिसळलेला असे. आजही चौथ्या पायरीवर माझं पाऊल आपोआप थांबतं. पण आता मी तिथे उभी राहून वास मोजते. कालच्यापेक्षा जास्त आहे का, गेल्या पावसाळ्यापेक्षा कमी आहे का.

घर जुन्या नाशकात, भांडी बाजाराच्या मागच्या बोळात. नऊ टेकड्यांवर वसलं म्हणून नाशिक, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो नसो, जुन्या गावात चालणाऱ्याच्या पोटऱ्यांना मात्र ती पटते. प्रत्येक गल्ली एक तर चढते नाही तर उतरते. आमचा वाडा अशाच एका टेकाच्या पायथ्याशी आहे. समोर उतार गंगेकडे जातो, मागे टेक. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. खाली काळ्या दगडाचा पाया आणि जोतं, वर पांढऱ्या मातीच्या नि विटांच्या भिंती, सागवानी खांब, मधे चौक. तळघराच्या भिंती अडीच फूट जाडीच्या. दोन्ही तोंडांना घडीव दगड आणि मधे खडीमातीची भर.

आजीची ओल मोजायची एक रीत होती. जुन्या सुती पातळाचा एक तुकडा रात्री तळघरातल्या खिळ्याला टांगायचा, सकाळी काढून गालाला लावायचा, मग नाकाला. त्यावरून ती ठरवायची की आज गहू वर उन्हात न्यायचे की राहू द्यायचे. चारी कोपऱ्यांत टोपल्यांतून कळीचा चुना ठेवलेला असे. हवेतली ओल पिऊन त्या ढेकळांचं पीठ झालं की टोपल्या बदलायच्या. आजीनंतर आईने ते सगळं चालू ठेवलं. चुना कुठल्या दुकानातून आणायचा आणि ढेकूळ हातात घेऊन ताजं आहे की नाही कसं ओळखायचं, हे तिने मलाही दाखवलं होतं. मी तेव्हा नीट लक्ष दिलं नाही, त्याचं आता वाईट वाटतं.

ओल कशाची, हा प्रश्न घरात कुणाला पडलाच नव्हता. ओल गंगेची. 1969 च्या महापुरात पाणी तळघरात भरलं होतं आणि तेव्हापासून गंगा या भिंतीत राहिली, असं आजी हात जोडून सांगायची. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मीही कितीतरी वर्षं तेच धरून चालले होते. 2008 ला पूर आला तेव्हा गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं हे बघायला आम्ही गेलो होतो. नाशिककरांचा पूर मापायचा तो पिढीजात गज. आणि मनात हेच की तिकडे पाणी चढतंय म्हणजे इकडे आपली भिंत भिजणार.

आता तिथे आम्ही काय काय केलं ते सांगते, कारण माझ्यासारखं करणारी घरं जुन्या नाशकात बोळागणिक आहेत.

1987 मध्ये अण्णांनी तळघराचा जुना चुन्याचा गिलावा, जो हात लावला तरी झडायचा, तो खरवडून काढला आणि कमरेपर्यंत सिमेंटचं प्लास्टर केलं. वर्षभर भिंत सुरेख दिसली. दुसऱ्या वर्षी सिमेंट संपतं त्याच्या वर, छातीच्या उंचीला, ओलीचा पट्टा उमटला. पुढे 2004 मध्ये टाईल्स लावल्या. ओल टाईल्सच्या वर गेली. तिसरा प्रयत्न माझा. 2015 मध्ये एका ठेकेदाराने आतून ओलरोधक रंगाचे तीन हात दिले, दहा वर्षांची लेखी हमी दिली. दुसऱ्या पावसाळ्यात त्या रंगाला तळहाताएवढे फुगे आले. एक फुगा मी नखाने फोडला तर आतून पाणी मनगटावर ओघळलं. त्या दिवशी मी तिथेच पायरीवर बसून रडले. पैशांपेक्षा जास्त हे लागलं की आता ही भिंत आपल्याला कधी जमणार नाही.

हे असं का झालं ते मला नंतर कळलं. दगड-मातीची भिंत जमिनीतलं पाणी वातीसारखं वर ओढते. काळा दगड स्वतः फारसं पाणी पीत नाही, पण दोन दगडांमधल्या चुना-मातीच्या दरजा, म्हणजे सांधे, आणि मधली भर पितात. साधारण तीन फुटांपर्यंत पाणी चढतं, कारण चढता चढता ते भिंतीच्या उघड्या तोंडाने उडून जात असतं. जुना चुन्याचा गिलावा त्याला उडू द्यायचा. पाणी उडताना त्यातले क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक गिलाव्याच्या बारीक छिद्रांत वाढतात आणि गिलावा आतून ढकलून पाडतात. आपण ज्याला भिंतीला लोणा लागला म्हणतो तो हा. म्हणजे चुन्याचा गिलावा झडत होता तो स्वतः झिजून मागचा दगड आणि दरजा राखत होता. दहा-पंधरा वर्षांनी तो नवा करायचा, इतकंच काम होतं. अण्णांनी सिमेंट लावलं तेव्हा पाण्याचं उडून जायचं तोंड बंद झालं. मग ते जिथे तोंड उघडं सापडेल तिथवर वर चढलं. टाईल्सने ते आणखी वर गेलं. आणि आतून लावलेला रंग तर मागच्या पाण्याच्या दाबासमोर उभा होता. बाहेर मीटरभर उंच पाणी मातीत साठलं तर तळाशी दर चौरस मीटरला एक टनाचा जोर पडतो. रंगाचा पापुद्रा त्यापुढे किती टिकणार?

2 ऑगस्ट 2016 ला गंगा पुन्हा चढली. सराफ बाजारात पाणी, दहीपुलावर पाणी, सरस्वती नाला उलटा भरलेला. रात्री आमच्या तळघरात घोट्याच्या वर पाणी होतं. दोन दिवसांनी ते पंपाने उपसलं, गाळ काढला, दारं उघडी टाकली. आणि त्या वर्षी पहिल्यांदा मला एक गोष्ट दिसली. ती इतकी वर्षं डोळ्यांसमोर असूनही दिसली नव्हती. गंगेकडची भिंत, जिच्या अंगावरून पुराचं पाणी आत आलं, ती दसऱ्यापर्यंत वाळली. तिच्यावर हात फिरवला तर कोरडी धूळ निघायची. टेकाकडची भिंत पुढच्या मार्चमध्येसुद्धा ओलीच होती.

म्हणजे गंगेचा यात हात नव्हता. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सासूबाईंना नको हं सांगूस." आजीला जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

त्यानंतर काही वर्षांनी मला एक जुने मिस्त्री भेटले. सत्तरीच्या पुढचे, चुन्याच्या कामात आयुष्य गेलेलं, घाटावरच्या देवळांच्या दुरुस्तीवर काम केलेले. तळघरात आले आणि पहिला अर्धा तास काही बोललेच नाहीत. भिंतीला तीन उंचीवर तळहात लावून बघितला, वास घेतला, एका कोपऱ्यातली भुकटी बोटावर घेऊन जिभेला लावली. "खारट आहे," म्हणाले. मग विटकरीएवढी चकचकीत अॅल्युमिनियमची पन्नी मागितली, पोळ्या गुंडाळायची चालते म्हणाले, आणि ती भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट डकवली. "दोन दिवसांनी बघा. पन्नीच्या वर दव आलं तर ओल हवेतली. पन्नीच्या मागे आलं तर ओल भिंतीतली." पन्नी मागून ओलीचिंब निघाली. हा उपाय फुकट आहे आणि कुठल्याही ठेकेदाराला बोलवायच्या आधी तो प्रत्येकाने करावा, असं मला मनापासून वाटतं. हवेतल्या ओलीवर खिडकी हे औषध आहे. भिंतीतल्या ओलीवर खिडकीचा नुसता दिलासा.

जाताना त्यांनी कोळशाचा तुकडा माझ्या हातात दिला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ओलीच्या कडेने रेघ मारायची आणि शेजारी महिना लिहायचा. मी वर्षभर मारल्या. त्या रेघा मी पुसू दिलेल्या नाहीत. जूनची रेघ खाली आहे, जुलैची थोडीच वर, आणि सगळ्यात उंच रेघ ऑक्टोबरची. पाऊस थांबल्यावरही ओल चढतच होती. म्हणजे पाणी कुठेतरी साठत होतं आणि सावकाश झिरपत येत होतं.

वर्ष झाल्यावर ते पुन्हा आले आणि भिंतीकडे न जाता मला घराबाहेर घेऊन गेले. "पायऱ्या मोजा." दारापुढच्या दोन. "पूर्वी किती होत्या?" आईने आतूनच उत्तर दिलं, पाच. लग्न होऊन आली तेव्हा पाच पायऱ्या चढून माप ओलांडलं होतं तिने. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबर, मग काँक्रीट, मग खड्डे बुजवणं, त्यावर पुन्हा डांबर. तीन पायऱ्या, म्हणजे जवळजवळ पावणेदोन फूट रस्ता वर आला होता आणि आमचं जोतं जमिनीत गेलं होतं. तळघराचे दोन झरोके, ज्यांतून लहानपणी मी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला बघायची, ते रस्त्याच्या खाली गेले म्हणून अण्णांनीच कधीतरी विटांनी बुजवले होते.

मग ते टेकाकडच्या बाजूला गेले, आणि तिथे ते नुसते उभे राहिले. तिथे पूर्वी शेजारचा वाडा होता. 2011 च्या पावसाळ्यात एका रात्री तो बसला. घर रिकामं होतं म्हणून कुणाला इजा झाली नाही. जुन्या नाशकात दर पावसाळ्यात असा एखादा वाडा जातो. आधी नोटीस लागते, मग बातमी येते, मग तिथे एक पडकी जागा राहते आणि त्यावर एरंड नि रुई माजतात. वाडा पडल्याचं दुःख आम्हाला झालं होतं, पण त्याने आमच्या भिंतीला काय होईल याचा विचार कुणी केला नव्हता. ती भिंत सामाईक होती. शंभर-दीडशे वर्षं तिची दुसरी बाजूही घराच्या आतच होती, तिला गिलावाही बेताचाच. वाडा गेला आणि ती एका रात्रीत पावसात उघडी पडली. शिवाय त्या वाड्याच्या छपरावरचं सगळं पाणी पन्हळीतून चौकात आणि चौकातून मोरीने गटाराकडे जायचं. आता तेच पाणी राडारोड्यावर पडत होतं, त्यात मुरत होतं, टेकाच्या उताराने सरकून आमच्या पायाशी येऊन थांबत होतं. पडका वाडा म्हणजे एक मोठा स्पंज झाला होता आणि आमचं तळघर त्याला टेकून बसलं होतं.

उपाय त्या जागेत करायचा होता आणि जागा आमची नव्हती. सात वारस, कुणी पुण्यात, कुणी ठाण्यात, एक अमेरिकेत. त्यांना फोन करायला मला चार महिने लागले, त्यातले दोन हिंमत गोळा करण्यात. थोरल्या काकांशी बोलले, लहानपणी त्यांच्या ओट्यावर मी सागरगोटे खेळले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "अगं, खण तुला काय खणायचं ते. हद्दीचा दगड तेवढा हलवू नकोस. आणि तुळशीवृंदावन सापडलं तर मला कळव."

2022 च्या एप्रिलमध्ये काम काढलं. चर सगळा एकदम खणायचा नाही, हे मिस्त्रींचं पहिलं बोलणं. पायाशेजारची माती एकदम काढली तर पाया सरकतो. चार फूट खणायचं, तेवढ्यात काम पुरं करून भरायचं, चार फूट सोडून पुढचा तुकडा घ्यायचा. आणि पायाच्या तळाच्या खाली फावडं जाऊ द्यायचं नाही. राडारोड्यातून फुटकी कौलं निघाली, एक बिजागरी, पाट्याचा अर्धा तुकडा. तुळशीवृंदावन निघालं नाही.

तिसऱ्या तुकड्यात बिगाऱ्याचं फावडं कशावर तरी टणकन वाजलं. मिस्त्री स्वतः चरात उतरले आणि हाताने माती बाजूला केली. भाजक्या मातीचा नळ होता, एकात एक बसवलेल्या तुकड्यांचा, आमच्या भिंतीला समांतर, बोळाच्या दिशेने उतरत गेलेला. टेकाचं पाणी आणि चौकाचं पाणी घेऊन जाणारा. मधे तो फुटला होता, आत मुळं आणि माती ठासून बसली होती. आम्ही जो चर आखला होता, जवळजवळ त्याच रेषेवर. मिस्त्री त्या नळाशेजारी उकिडवे बसून राहिले, उन्हात, डोक्यावर टोपी नाही. "आपण नवीन काही करत नाही ताई," एवढंच म्हणाले.

त्या नळाच्या जागी आम्ही भोकांचा पाईप घातला. खाली गाळणीचं कापड, त्यात खडी, खडीत पाईप, वर पुन्हा खडी आणि कापड गुंडाळून घेतलं, म्हणजे बारीक माती आत जाऊन तो तुंबणार नाही. शंभर फुटांना एक फूट उतार. तोंड खालच्या बोळातल्या गटाराला. आमच्या भाग्याने बोळ उतरता आहे, पाणी आपोआप वाहतं. सपाट जागेवर खड्डा करून पंप ठेवावा लागला असता. भिंतीच्या उघड्या तोंडातली सुटलेली माती काढून चुन्याने दरजा भरल्या आणि चुन्याचाच गिलावा केला, वरच्या कडेला शहाबादीची उतरती फरशी बसवली. जमिनीला भिंतीपासून बाहेर उतार दिला. आतलं सिमेंट, टाईल्स, रंग, अण्णांचं, आईचं आणि माझं सगळं काम छिन्नीने काढून टाकलं. तीस-पस्तीस वर्षांनी दगड पुन्हा दिसला.

माझा भाऊ गंगापूर रोडच्या बाजूला नव्या इमारतीत राहतो. त्यांच्या जमिनीखालच्या दोन मजली पार्किंगमध्ये जुलैत पंप चालू असतात. त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, आमच्याकडे हे कुणी विचारलंच नाही. नवं तळघर बांधताना विचारायची वेळ एकच असते, बाहेरची माती भरायच्या आधी. बाहेरून, पाणी येतं त्या बाजूने, अंग झाकायचं. आपल्याकडे खडबडीत शहाबादी फरश्यांची पेटी करून तिच्यात तळघर बसवण्याची पद्धत आहे, ती नीट केली तर चांगली टिकते. मग त्यावर मुरूम भरायचा. काळी माती तिथे कधी भरायची नाही, ती भिजून फुगते, वाळून भेगाळते आणि दरवेळी भिंतीला रेटते. एकदा माती भरून वर बाग झाली की उरलेलं आयुष्य आतून रंग लावण्यात जातं. घर घेणारा माणूस दिवाणखान्याच्या टाईल्स बघतो. त्याने खड्डा भरायच्या आधी एकदा येऊन ती भिंत बघावी, असं मला फार कळकळीने सांगावंसं वाटतं.

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, लेख आहे. त्रिरश्मी पर्वतात हे लेणं करवलं आणि या पोढी करवल्या, असं त्यात कोरलेलं आहे. पोढी म्हणजे पाण्याची टाकी. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या त्या एका ओळीत खोली आणि पाण्याची जागा शेजारी शेजारी आहेत. शाळेच्या सहलीत मी ते लेणं तीनदा बघितलं असेन. आता गेले तेव्हा टाक्यांपाशीच जास्त वेळ उभी होते. आणि परतताना गोदाघाटावर थांबले तेव्हा त्या कुंडांचा विचार येत राहिला, ज्यांचे तळ काँक्रीटने झाकले गेले आणि खालचे जिवंत झरे मोकळे व्हावेत म्हणून नाशिकच्याच माणसांना न्यायालयापर्यंत जावं लागलं. मी तेव्हा वर्तमानपत्रात ती बातमी वाचून पान उलटलं होतं. आज मला त्या माणसांचा शब्दन् शब्द कळतो.

भिंत लगेच वाळत नाही. ढोबळ हिशेब असा की जाड भिंतीला इंचाला एक महिना लागतो. आमची तीस इंच. मिस्त्रींनी सांगितलं, तोवर आतून काही लावायचं नाही, दगड उघडा ठेवायचा, लोणा आला की कोरड्या कुंच्याने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही, नाहीतर मीठ पुन्हा आत जातं. झरोके उघडून रस्त्याच्या वर येतील असे विटांचे गळे बांधून घेतले, वर जाळी. ते मी ऑक्टोबर ते मे उघडे ठेवते. जुलै-ऑगस्टमध्ये बंद. पावसाळ्याची कोंदट हवा गार भिंतीला लागली की तिथेच दव धरते, हे आजीला माहीत होतं. भर पावसात तळघराचं दार उघडं टाकलं म्हणून तिने मला एकदा धपाटा घातला होता. तेव्हा तो मला अन्याय वाटला होता.

पहिल्या पावसाळ्यात जोरदार सर आली की मी छत्री घेऊन खालच्या बोळात जाऊन उभी राहायची. पाईपाच्या तोंडातून पाणी येतंय का बघायला. आधी गढूळ आलं, मग चार-पाच दिवसांनी निवळ. पाऊस थांबल्यावर आठवडाभर करंगळीएवढी धार चालूच होती. हे सगळं पाणी आधी आमच्या भिंतीत जात होतं.

2024 च्या दिवाळीत तीस महिने भरले. ऑक्टोबरची नवी रेघ जुन्या जूनच्या रेघेच्याही वीतभर खाली आहे. ईशान्येच्या कोपऱ्यात अजून एक डाग आहे, परातीएवढा, तो हटत नाही. तिथे पाईप संपतो आणि पलीकडे मोठ्या रस्त्याची गटार सुरू होते. पुढच्या उन्हाळ्यात तो कोपरा उघडायचा आहे.

आई आता ब्याऐंशीची आहे. सात पायऱ्या तिला उतरवत नाहीत. कामाच्या दिवसांत ती वर चौकात खुर्ची टाकून बसायची आणि छिन्नीच्या आवाजावरून विचारायची, सिमेंट निघालं की अजून टाईल्सच चालू आहेत. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री मी तिच्या जुन्या पातळाचा तुकडा तळघरातल्या खिळ्याला टांगला. सकाळी अभ्यंगानंतर तिच्या हातात दिला. तिने तो आधी गालाला लावला. मग नाकाशी धरून डोळे मिटले.

"थोडा आहे अजून," म्हणाली. "पण गहू राहतील."